सिसेरोची भाषणे, ड्रुइडांचे दावे आणि इंग्रजीचा भूतकाळ

'आय लॉस्ट माय की' आणि 'आय हॅव लॉस्ट माय की' ही दोन वाक्ये एकाच माणसाने, एकाच किल्लीविषयी, एकाच क्षणी उच्चारली तरी दोन्ही खरी असू शकतात. किल्ली हरवण्याची घटना एकच आणि ती घडली तो क्षणही एकच. म्हणजे घटना कधी घडली, या प्रश्नाच्या उत्तरावरून या दोन वाक्यांतील निवड ठरत नाही. तरीही इंग्रजी व्याकरण शिकवताना आपल्याकडे पहिला प्रश्न हाच विचारला जातो. पूर्वी घडून गेलेली क्रिया म्हणजे साधा भूतकाळ आणि नुकतीच पूर्ण झालेली क्रिया म्हणजे पूर्ण वर्तमानकाळ, अशी व्याख्या बहुतेकांनी पाठ केलेली असते. ती किती तोकडी आहे हे दोन उदाहरणांवरून दिसते. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला; तरी आज 'मेन हॅव वॉक्ड ऑन द मून' हे वाक्य निर्दोष आहे. उलट दोन मिनिटांपूर्वी घेतलेल्या चहाविषयी बोलताना 'टू मिनट्स अगो' हे शब्द आले, की साध्या भूतकाळावाचून गत्यंतर नाही. अर्धशतकाहून जुनी घटना पूर्ण वर्तमानात आणि दोन मिनिटांपूर्वीची भूतकाळात, असा हा व्यवहार आहे.

मग ही निवड कशावर ठरते? या प्रश्नाला इंग्रजीच्या इतिहासात वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली गेली. कोणी दिनदर्शिकेकडे बोट दाखवले, कोणी वस्तूच्या किंवा व्यक्तीच्या हयातीकडे, तर कोणी बोलणाऱ्याच्या दृष्टिबिंदूकडे. या उत्तरांचा इतिहास पाहिला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एक, या दोन रूपांमधली आजची सीमारेषा कोणत्याही तर्कशास्त्राने आखलेली नाही. ती काही शतकांच्या वापरातून हळूहळू पडलेली आहे. आणि दुसरी, ती ओलांडताना बोलणारा किंवा लिहिणारा भूतकाळातील कोणती गोष्ट अजून चालू खात्यात आहे आणि कोणते खाते बंद झाले आहे, याचा निवाडा देत असतो. साहित्य आणि इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा या विषयाशी खरा संबंध येतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे.

प्राचीन इंग्रजीत क्रियापदाची प्रत्यययुक्त काळरूपे दोनच होती: एक भूतकाळाचे आणि एक भूतकाळ नसलेल्या सगळ्याचे. लॅटिन ग्रंथांचे भाषांतर करणारे धर्मोपदेशक लॅटिनच्या पूर्णकाळासाठी बहुधा साधे भूतकाळाचे रूपच वापरत. लॅटिनमध्येही 'मी लिहिले' आणि 'मी लिहिले आहे' या दोहोंना एकच रूप असल्यामुळे त्यात अडचण नव्हती. 'हॅव' या क्रियापदासह येणारी रचना त्या काळी होती, पण तिचा मूळ अर्थ बाळगण्याचा होता. 'मी मासा पकडला आहे' असे म्हणायचे तर रचना होई ती 'पकडलेला असा मासा माझ्याजवळ आहे' अशा धर्तीची. यातील धातुसाधित हे माशाचे विशेषण असे आणि अनेकदा कर्माच्या लिंग-वचन-विभक्तीप्रमाणे त्याला प्रत्यय लागत. पुढे हे प्रत्यय गळाले, धातुसाधिताची जागा 'हॅव'च्या लगत पक्की झाली आणि बाळगण्याचा अर्थ विरून गेला. जे आपल्याजवळ आहे ते सांगणारी रचना जे आपण केले आहे ते सांगू लागली. मराठी वाचकाला यात फारसे नवल वाटू नये. 'मी चिठ्ठी लिहिली आहे' आणि 'मी लेख लिहिला आहे' या वाक्यांत आपले धातुसाधित अजूनही कर्माप्रमाणे बदलते. इंग्रजीने जी खूण पुसून टाकली, ती मराठीने जपली आहे.

'हॅव'चे हे राज्य सुरुवातीला सर्व क्रियापदांवर नव्हते. जाणे, येणे, होणे, वाढणे अशा गतीच्या आणि स्थित्यंतराच्या क्रियापदांबरोबर 'बी'ची रूपे येत. 'ही हॅज कम' ऐवजी 'ही इज कम' म्हणणे हीच रीत होती. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये अशी रूपे पदोपदी आढळतात आणि जेन ऑस्टिनच्या (१७७५-१८१७) लेखनातही ती सहज भेटतात. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत 'हॅव'ने त्यांना मागे सारले. 'बी'वर आधीच कर्मणी प्रयोगाचा भार होता आणि बोलण्यात 'इज' व 'हॅज' या दोहोंचा संक्षेप सारखाच होई, ही कारणे अभ्यासक देतात. आज 'इज गॉन'सारखे एखादे अवशेष तेवढे शिल्लक आहेत. आणखी एक अवशेष भारतीय वाचकाच्या विशेष परिचयाचा आहे. १९६५ मध्ये दूरचित्रवाणीवर बोलताना रॉबर्ट ओपेनहायमर यांनी भगवद्गीतेच्या अकराव्या अध्यायातील बत्तिसाव्या श्लोकाचा जो इंग्रजी अनुवाद उच्चारला, त्यात 'ॲम बिकम' असे क्रियापद आहे. आजच्या विद्यार्थ्याला तो मुद्रणदोष वाटतो. 'हॅव बिकम' असायला हवे होते, असे तो म्हणतो. वस्तुतः ते जुने, शुद्ध पूर्ण वर्तमानाचे रूप आहे. मूळ संस्कृतात 'अस्मि' आहे, म्हणजे निखळ वर्तमानकाळ. 'ॲम बिकम' या रूपात होणे मागे पडते आणि असणे पुढे येते. 'हॅव बिकम'मध्ये तोल उलट्या बाजूला झुकतो. त्या जुन्या रूपाबरोबर इंग्रजीने अर्थाची ही छटाही गमावली.

आजचा सर्वांत कडक नियम असा, की 'यस्टरडे', 'लास्ट इयर', 'इन १९४७' यांसारखे निश्चित भूतकाळ दाखवणारे शब्द पूर्ण वर्तमानाबरोबर येऊ शकत नाहीत. पण शेक्सपियरच्या काळी हा नियम असा पक्का नव्हता. त्याच्या नाटकांत 'तासाभरापूर्वी' या अर्थाच्या शब्दांसह पूर्ण वर्तमानाचे रूप येते. सॅम्युअल पेपीस यांच्या १६६० ते १६६९ या काळातील रोजनिशीत तर कालच्या गोष्टीविषयी 'यस्टरडे' हा शब्द योजूनही पूर्ण वर्तमान वापरलेले सापडते. आज एखाद्या मराठी विद्यार्थ्याने असे वाक्य लिहिले तर त्याखाली लाल रेघ येते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा वापर प्रमाण लेखनातून जवळजवळ नाहीसा झाला. तो का नाहीसा व्हावा, याचे पूर्ण समाधानकारक उत्तर भाषाशास्त्रापाशी अजून नाही. वोल्फगांग क्लाइन यांनी १९९२ मध्ये या विषयावर निबंध लिहिला तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'कोडे' हा शब्द घातला होता.

शेजारच्या फ्रेंचमध्ये व्याकरणकारांनी हे कोडे घड्याळाने सोडवू पाहिले. १६६० मध्ये आंत्वान आर्नो आणि क्लोद लान्सलो यांनी पोर-रोयालच्या मठाशी निगडित असे जे प्रसिद्ध व्याकरण लिहिले, त्यात साधा भूतकाळ निदान एक दिवस जुन्या घटनेसाठीच वापरावा, आज घडलेल्या गोष्टीसाठी संयुक्त रूप योजावे, असा दंडक आहे. फ्रेंच व्याकरणाच्या इतिहासात तो 'चोवीस तासांचा नियम' म्हणून ओळखला जातो. संस्कृत शिकलेल्या वाचकाला येथे पाणिनीची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. अष्टाध्यायीत लङ् हा लकार 'अनद्यतन' भूतासाठी, म्हणजे आजच्या दिवसाबाहेरील भूतकाळासाठी सांगितला आहे आणि लिट् हा 'परोक्ष' भूतासाठी, म्हणजे बोलणाऱ्याने न पाहिलेल्या घटनेसाठी. दोन दूरच्या परंपरांनी आज आणि आजपूर्व अशी रेघ ओढावी, हे लक्षणीय आहे. पण पाणिनीय परंपरा तेथे थांबली नाही. पतंजलीच्या महाभाष्यात अशी चर्चा आहे, की घटना बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेली नसली, पण ती लोकविख्यात असली आणि त्याला पाहता येण्याजोग्या काळात घडलेली असली, तर लङ्‌च योजावा. यासाठी त्याने दिलेले उदाहरण यवनाने साकेताला घातलेल्या वेढ्याचे आहे आणि त्यावरूनच विद्वानांनी पतंजलीचा काळ अनुमानिला. क्रियापदाच्या एका रूपावरून लेखक कोणत्या काळात जगला हे ताडता येते, ते या रूपांत बोलणाऱ्याचे स्वतःचे ठिकाण दडलेले असते म्हणून.

घड्याळाचा नियम फ्रेंचमध्येही टिकला नाही. संयुक्त रूप आजच्या घटनेवरून कालच्या आणि मग कधीच्याही घटनेवर पसरत गेले. आज बोलण्यातील फ्रेंचमध्ये साधा भूतकाळ जवळजवळ उरलेला नाही. तो ग्रंथांचा झाला आहे. दक्षिणेकडील जर्मन बोलींतही असेच घडले. १९४२ मध्ये आल्बेर कामू यांनी 'लेत्रांजे' ही कादंबरी साहित्यिक भूतकाळ टाळून या संयुक्त रूपात लिहिली, तेव्हा ती निवड वाचकांना जाणवण्याजोगी होती. सार्त्र यांनी पुढच्याच वर्षी लिहिलेल्या निबंधात या रूपाने प्रत्येक वाक्य बेटासारखे सुटे पडते, असे निरीक्षण नोंदवले. १९४६ मध्ये स्टुअर्ट गिल्बर्ट यांनी ही कादंबरी इंग्रजीत आणली तेव्हा त्यांना साध्या भूतकाळाचाच आधार घ्यावा लागला, कारण इंग्रजीचे पूर्ण वर्तमान कथा पुढे नेऊ शकत नाही. 'तो उठला, खिडकीपाशी गेला, बाहेर पाहिले' ही घटनांची साखळी इंग्रजीत पूर्ण वर्तमानात सांगता येत नाही. म्हणजे मूळ कादंबरीतील एक महत्त्वाची शैलीगत निवड इंग्रजी वाचकाला दिसतच नाही. मराठीचा प्रवासही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'कृत'पासून प्राकृतमार्गे आलेले आपले 'केले' हे मुळात धातुसाधित. ते वाढत वाढत साधा भूतकाळ होऊन बसले आणि मग 'आहे' जोडून आपण नवे पूर्ण वर्तमान घडवले. फ्रेंच ज्या वाटेने गेली ती वाट मराठीच्या पूर्वजांनी केव्हाच तुडवली होती. इंग्रजी मात्र अर्ध्या वाटेवर थांबली. तिचे पूर्ण वर्तमान भूतकाळ झाले नाही आणि या थांबण्यामुळेच तिच्यात ही बारीक निवड शिल्लक राहिली.

या निवडीचे तत्त्व शोधण्याचा इंग्रज व्याकरणकारांचा सर्वांत उद्बोधक प्रयत्न अठराव्या शतकाच्या अखेरीचा आहे. जेम्स पिकबोर्न यांनी १७८९ मध्ये इंग्रजी क्रियापदावर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर १७९५ मध्ये लिंडले मरे यांचे व्याकरण आले. मरे मूळचे अमेरिकेतील वकील. इंग्लंडात यॉर्कजवळ स्थायिक झाल्यावर तेथील मुलींच्या एका शाळेसाठी त्यांनी हे पुस्तक लिहिले आणि पुढे अनेक दशके इंग्रजी जगात तेच प्रमाण मानले गेले. पूर्ण वर्तमानाविषयी मरे आधी काळाचीच कसोटी देतात: ज्या कालखंडाचा काही भाग अजून सरायचा आहे, त्यातील घटनेसाठी हे रूप वापरावे. चालू आठवडा, चालू वर्ष, चालू शतक. पण मग ते एक वेगळीच कसोटी पुढे करतात आणि तिची उदाहरणे विसरता येण्याजोगी नाहीत. सिसेरोने भाषणे लिहिली आहेत असे म्हणता येईल, कारण ती भाषणे उपलब्ध आहेत. त्याने कविता लिहिल्या आहेत असे मात्र म्हणता येणार नाही, कारण त्या नष्ट झाल्या. पुरोहितवर्गाने सर्व युगांत मोठ्या अधिकारांचा दावा केला आहे असे म्हणता येईल, कारण तो वर्ग अजून आहे. ड्रुइड पुरोहितांविषयी मात्र 'दावा केला' असेच म्हणायला हवे, कारण ती परंपरा पूर्णपणे लोपली आहे.

या दोन उदाहरणांपाशी थोडे थांबले पाहिजे. पहिल्यात व्याकरणाचा निर्णय ग्रंथालयाच्या सूचीवर सोपवलेला आहे. उद्या एखादे जुने हस्तलिखित सापडले तर सिसेरोच्या कवितांविषयीचे क्रियापद बदलावे लागेल काय? शिवाय मरे यांची माहितीही पुरती बरोबर नव्हती. अराटस या ग्रीक कवीच्या खगोलविषयक काव्याचे सिसेरोने केलेले लॅटिन रूपांतर बऱ्याच अंशी शिल्लक आहे. दुसऱ्या उदाहरणाची गंमत आणखी वेगळी. ड्रुइडांचा पंथ संपल्याचा निर्वाळा हे व्याकरण देत होते, त्याच सुमारास वेल्श कवी इओलो मॉर्गनुग याने १७९२ मध्ये लंडनच्या प्रिमरोज टेकडीवर प्राचीन भाटपरंपरेच्या नावाने मेळावा भरवला होता. १७८१ मध्ये लंडनमध्ये ड्रुइडांच्या नावाची एक संघटनाही स्थापन झाली होती. हे पुनरुज्जीवन ऐतिहासिकदृष्ट्या कितपत अस्सल, हा प्रश्न निराळा. बरेचसे ते कल्पनेने रचलेले होते. पण ज्यांनी ते रचले, त्यांच्या लेखी ड्रुइडांचे खाते बंद झालेले नव्हते. त्यांनी इंग्रजीत वाक्य लिहिले असते तर बहुधा पूर्ण वर्तमानच वापरले असते आणि मरे यांनी ते खोडले असते. वाद वरवर काळाच्या रूपाचा दिसला असता. प्रत्यक्षात तो एका परंपरेच्या वारसाहक्काचा असता.

मरे यांच्या कसोटीत दोष आहेत, पण त्यांना जे दिसले ते घड्याळवाल्यांना दिसले नव्हते. पूर्ण वर्तमान घटनेपेक्षा घटनेच्या शिल्लक उरण्याविषयी बोलते, हे त्यांनी ओळखले. चूक एवढीच, की हे शिल्लक उरणे वस्तुस्थितीतून तपासून घेता येईल, असे त्यांनी मानले.

ही चूक किती महाग पडू शकते, याचे उदाहरण बायबलच्या भाषांतरात आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल ख्रिस्ताचा मृत्यू, दफन आणि पुनरुत्थान एकापाठोपाठ सांगतो. मूळ ग्रीकमध्ये मृत्यू आणि दफन यांची क्रियापदे साध्या भूतकाळासारख्या रूपात आहेत. पुनरुत्थानाचे मात्र पूर्णकाळात. म्हणजे पहिल्या दोन घटना होऊन गेल्या आणि तिसरी होऊन राहिली आहे. पौलाचा सारा युक्तिवाद या फरकावर तोललेला आहे. १६११ च्या भाषांतरकारांनी तिन्ही ठिकाणी भूतकाळच ठेवला. १८८१ मध्ये नव्या कराराचे सुधारलेले भाषांतर प्रसिद्ध झाले, तेव्हा ग्रीकशी काटेकोर राहण्याचा निश्चय केलेल्या पंडितांनी तिसऱ्या जागी पूर्ण वर्तमान योजले. पण त्याच वाक्यात 'तिसऱ्या दिवशी' हे शब्द आहेत आणि एकोणिसाव्या शतकातील इंग्रजीला निश्चित दिवस आणि पूर्ण वर्तमान हे शेजार आता चालत नव्हते. ग्रीकला ते चालत होते. पेपीसच्या इंग्रजीलाही चालले असते. पुढील अनेक भाषांतरांनी पुन्हा साधा भूतकाळ पत्करला. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी भाषांतराचा पेच स्पष्ट आहे: मूळ लेखकाला जे एका क्रियापदात सांगता आले, ते तंतोतंत सांगणारे रूप लक्ष्यभाषेने आधीच टाकून दिले होते.

विसाव्या शतकात हा विचार अधिक नेमका झाला. ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्ये पूर्ण वर्तमान हा मुळात वर्तमानाचाच एक प्रकार आहे, असे प्रतिपादन केले. हान्स रायखेनबाख यांनी १९४७ मध्ये तीन बिंदूंची मांडणी केली: घटनेचा क्षण, बोलण्याचा क्षण आणि ज्या क्षणावर उभे राहून घटनेकडे पाहिले जाते तो क्षण. साध्या भूतकाळात पाहणारा घटनेच्या जागी जाऊन उभा राहतो. पूर्ण वर्तमानात तो आपल्या जागेवरून हलत नाही. घटना मागे असते आणि तो येथून तिच्याकडे पाहतो. घटना आणि बोलणे यांतील अंतर दोन्हीकडे तेवढेच. बदलते ती उभे राहण्याची जागा. 'यस्टरडे' हा शब्द पाहणाऱ्यालाच कालच्या दिवशी नेऊन सोडतो, म्हणून आजच्या इंग्रजीत तो पूर्ण वर्तमानाशी जुळत नाही, असे या मांडणीवरून म्हणता येते.

मरे यांचा हयातीचा प्रश्नही नव्या रूपात परत आला. १९५५ मध्ये निधन पावलेल्या आइनस्टाइन यांच्याविषयी 'आइनस्टाइन हॅज व्हिजिटेड प्रिन्स्टन' हे वाक्य इंग्रजी कानाला खटकते. पण 'प्रिन्स्टन हॅज बीन व्हिजिटेड बाय आइनस्टाइन' हे खटकत नाही, याकडे नोम चॉम्स्की यांनी लक्ष वेधले. प्रिन्स्टन अजून आहे, आइनस्टाइन नाहीत, हे एक स्पष्टीकरण. परंतु जेम्स मकॉली यांनी १९७१ च्या निबंधात ही चर्चा पुढे नेली, तेव्हा प्रश्न केवळ कर्त्याच्या हयातीचा नाही हे दिसून आले. प्रिन्स्टनला भेट दिलेल्या नोबेल विजेत्यांची यादी सांगताना तेच खटकणारे वाक्य सहज चालून जाते. माणूस तोच, मृत्यू तोच, वाक्यही तेच. बदलला तो बोलण्याचा विषय. भेटींची मालिका अजून चालू आहे असे धरले, की त्या मालिकेतील मृत माणूसही पूर्ण वर्तमानाचा कर्ता होऊ शकतो. मरे यांनी पुरोहित आणि ड्रुइड यांत जो भेद केला होता, त्याचे मर्म येथे नीट उलगडते. परंपरा जिवंत आहे की नाही हे वस्तुस्थिती एकटी ठरवत नाही. बोलणारा ती चालू मालिका मानून बोलतो की नाही, यावर बरेच अवलंबून असते.

या पार्श्वभूमीवर मराठी विद्यार्थ्याच्या चुकांकडे पाहावे. 'तो काल आला आहे' हे मराठीत निर्दोष आहे, कारण आपल्या वाक्यात 'काल' हा शब्द 'आला'शी जोडलेला राहतो आणि 'आहे' आजशी. दोन अवयव अजून एकजीव झालेले नाहीत. या वाक्याचे शब्दशः इंग्रजी केले की चूक होते. 'मी काल पुण्याला गेलो होतो' या वाक्यातील 'होतो' जाऊन परत आल्याचे सुचवतो. त्याचे 'हॅड गॉन' झाले की इंग्रजी वाचक त्यानंतरच्या दुसऱ्या एखाद्या भूतकालीन घटनेची वाट पाहत राहतो आणि ती येतच नाही. उलट 'मी पाच वर्षे येथे राहतो आहे' यातील निखळ वर्तमानाला इंग्रजी पूर्ण वर्तमानाचे रूप मागते. या चुका प्रमाण इंग्रजीच्या दृष्टीने चुकाच आहेत आणि त्या दुरुस्त केल्या पाहिजेत, याबद्दल दुमत नाही. पण त्यांना तर्काचा गोंधळ म्हणणे अन्यायाचे आहे. विद्यार्थी आपल्या भाषेतील एक सुसंगत व्यवस्था दुसऱ्या भाषेत नेत असतो आणि त्यातील एक भाग तर खुद्द इंग्रजीच्या जुन्या ग्रंथांत मान्य होता. शिवाय ही सीमारेषा आजही सर्वत्र सारखी नाही. 'हॅव यू ईटन येट' असे ब्रिटिश माणूस विचारील तेथे अमेरिकन माणूस 'डिड यू ईट येट' म्हणू शकतो. 'इंग्रजीने हे असे ठरवत आणले' असे शिक्षकाने सांगितले तर विद्यार्थ्याला नियमही कळेल आणि त्याची जागाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न लेखनाचा आहे. मराठीत आपण 'ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी १२९० मध्ये सांगितली' असे लिहितो आणि पुढच्याच परिच्छेदात 'ज्ञानेश्वरांनी म्हटले आहे' असेही लिहितो. पहिल्या वाक्यात ते तेराव्या शतकातील एक व्यक्ती असतात. दुसऱ्यात त्यांचे म्हणणे आपल्यासमोर आहे. हा निबंध इंग्रजीत करणाऱ्याला पहिल्या जागी साधा भूतकाळ आपोआप मिळतो. दुसऱ्या जागी 'हॅज सेड' अवघडल्यासारखे वाटते, 'सेड' म्हटले तर म्हणणे मागे पडते आणि म्हणून बहुधा 'सेज' हा वर्तमानकाळ पत्करावा लागतो. तो अगदीच अयोग्य नाही, पण मराठी 'आहे'मध्ये घटना आणि तिची शिल्लक अशा दोन्ही गोष्टी होत्या. 'सेज'मध्ये फक्त शिल्लक उरते.

आणि विषय एका कवीचा नसून परंपरेचा असेल, तर निवड आणखी जबाबदारीची होते. वारकरी कवींनी विठ्ठलाविषयी गायिले, हे इंग्रजीत 'सँग' म्हणून लिहिता येते आणि 'हॅव संग' म्हणूनही. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही शुद्ध. पहिल्याने लेखक सांगतो, की ही एका काळातील घटना होती आणि तो काळ संपला. दुसऱ्याने तो सांगतो, की ही मालिका अजून चालू आहे आणि पुढचा अभंग कदाचित या वर्षीच्या वारीत रचला जाईल. एखाद्या बोलीविषयी, कलेविषयी, समाजाविषयी परभाषेतून लिहिताना आपण अशी निवड दर वाक्याला करत असतो आणि बहुतेक वेळा नकळत करतो. नुसत्या साध्या भूतकाळात लिहिलेला इतिहास एखाद्या जिवंत समाजाला ड्रुइडांच्या पंक्तीला बसवू शकतो आणि त्यात एकही विधान खोटे असावे लागत नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या इंग्रजी निबंधात काळाची रूपे तपासताना शुद्ध की अशुद्ध हे पाहून थांबू नये. ज्यांच्याविषयी तो लिहितो आहे त्यांचे खाते त्याने बंद केले आहे काय, आणि तसे करण्याचा विचार त्याने खरोखर केला होता काय, हेही त्याला विचारावे.